फिलूबायच्या हाकेपर्यंत

पहिली हाक आली तेव्हा मी स्टोव्हला पिन मारत बसले होते, आणि उठले नाही. “वहिनीऽ” म्हणून दुसरी आली, तरी नाही उठले, पिन हातातच. दाराला आतनं कडी, कडीखाली खुर्ची लावलेली, हे फर्स्ट शिफ्टला गेलेले, बेबी झोपलेली. तिसरी हाक आली तेव्हा खुर्ची सरकवली आणि दार उघडलं, तर बाहेर फिलूबायचा पुतण्या डॉमनिक उभा, भांडुपहून सायकल मारत आलेला, घामाघूम. “किती हाका मारायच्या वहिनी, झोपला होता काय?” म्हणाला, आणि मग खाली बघत म्हणाला, “काकी गेली. आज पहाटे, इस्पितळात.” त्याला सांगावंसं वाटलं की अरे, तिसऱ्या हाकेशिवाय मी ओ देत नाही, तुझ्या काकीला विचार ना, तिला सगळं माहीत आहे... आणि तेव्हा कुठं डोक्यात शिरलं की आता विचारायचं कुणाला.

त्याला बरेच आठवडे झाले. शेजारच्या तिच्या खोलीला कुलूप आहे. मी सातवीत शाळा सोडली, मला लिहिता येतं म्हणजे गावाला खुशाली कळवण्यापुरतं, पण खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, शालू, तू जशी बोलतेस तशीच लिही, तिच्यासारख्या बाईबद्दल पेपरात कोण लिहिणार दुसरं? म्हणून लिहिते. चुकलं तर चुकलं.

माझं माहेर बोरिवलीला, हायवेच्या पलीकडं, डोंगराच्या अगदी पायथ्याला बैठी चाळ, पुढच्या दारानं रस्ता आणि मागच्या दारानं रान. लग्न होऊन आले मुलुंडला. आता कुणी म्हणेल त्यात काय, दोन्ही मुंबईतच. पण गाडीनं जायचं तर मुलुंडहून खाली दादरला जा, पूल चढा, दुसऱ्या लाइनीच्या गाडीत बसा आणि तेवढंच परत वर या. मी लग्नानंतर एकदाच एकटी निघाले होते, बेबी पोटात होती, दादरला कुठला पूल कुठं उतरतो तेच कळेना, तीनतीनदा त्याच फळवाल्यासमोर आले, तो हसायला लागला, मग मला रडू फुटलं आणि मी उलट्या पावली मुलुंडला परत आले. त्यानंतर यांच्याशिवाय जायचं नाही असं मीच ठरवलं. आणि यांना सुट्टी असली की हे झोपायचे, बिचारे, आठवडाभर मशीनवर उभे राहून त्यांचे पाय सुजलेले असायचे. मी काय बोलणार? तर आई डोंगराच्या पायथ्याशी आणि मी इकडं, बेबीच्या बारशानंतर पाच-सहा महिने तोंड नाही बघितलं तिचं.

मी घाबरट, हे आधीच सांगून टाकते. स्टोव्हला घाबरते, भडकला तर म्हणून. दारावर फकीर आला तर घाबरते. बेबी जास्त वेळ झोपली तर नाकाखाली बोट धरून बघते. दुपारी सगळी चाळ चिडीचूप झाली की मला आपल्याच बांगड्यांची भीती वाटायची. मग मी गॅलरीत येऊन बसायची, समोर घरांच्या वर डोंगर दिसायचा तो बघत, आणि रडायची. रडायचं म्हणजे मोठ्यानं नाही, आपलं नुसतं पाणी यायचं.

एका रविवारी अशीच बसले होते, फिलूबाय चर्चमधनं आली. नाव फिलोमिना, पण सगळे फिलूबाय म्हणायचे. आमच्या भिंतीला लागून तिची खोली. पन्नाशीची विधवा बाई, गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली, आपल्यासारखंच मराठी बोलणारी, काष्ट्याचं लाल लुगडं, आणि त्याच्याखाली पायात मेलेल्या नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट! पुढं चिंध्या कोंबून घालायची, मापाचे नव्हते म्हणून. चाळीतली पोरं मागं हसायची, तिला काही नाही. आठवडाभर औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची, रविवारी चर्च, आणि चर्चनंतर हातात रेक्झिनची पिशवी घेऊन कुठंतरी जायची, संध्याकाळी यायची तेव्हा लुगड्याला कुसळं चिकटलेली. बायका म्हणायच्या, करणी करते. मी तिलाही घाबरून होते.

“कोण मेलं गो?” तिनं विचारलं.

“कोणी नाही.”

“मंग? नवऱ्यानं मारली?”

“नाही हो... आई.”

“आय मेली?”

“नाही हो! आई बोरिवलीला असते.”

ती फटकन म्हणाली, “मंग रडतंस कशाला? ती काय बोरिवली.” आणि हनुवटीनं समोरचा डोंगर दाखवला. “ह्याच्या मागं. तुझी आय मागच्या दारी बसली असंल तर तिना पण ह्योच डोंगर दिसतो. पाठ तिकडं, पोट हिकडं.”

मला वाटलं चेष्टा करते. लहानपणापासून तो डोंगर आमच्या मागच्या दारात होता, आणि लग्न झाल्यापासून तो समोर होता, आणि तो एकच आहे हे मला एवढ्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी बेबीला घेऊन पुन्हा पुन्हा गॅलरीत आले, बघ, म्हटलं, आजीचा डोंगर.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन गेली. यांना सांगितलं तिनंच, “बायकोला जरा वारा दाखवते,” हे कुशीवर वळून “हं” म्हणाले. स्टेशनसमोरनं बस, शेवटचा स्टॉप, तिथनं पायवाट. मी विचारलं, “फिलूबाय, तुम्हाला रस्ता माहीत आहे ना?” तर म्हणाली, “तुम्ही काय गो? मी काय फादर हाय? तू म्हण.” तेव्हापासून तू. आणि म्हणाली, रस्ता नाही, वाट. “वाट म्हंजे काय, ठाव हाय? जिच्या दोनी टोकाला बस उभी असते ती वाट. बाकी सगळं रान. रानात आपलं काय काम नाय.” हे तिचं ठाम. एका टोकाला मुलुंडची बस, दुसऱ्या टोकाला कान्हेरीच्या लेण्यांकडनं बोरिवली स्टेशनला जाणारी बस, ती रविवारीच असायची. मधे दोन डोंगर आणि तुळशीचा तलाव. ह्या वाटेवर ती तरुणपणापासून रोज चालायची, कारण तिचा नवरा पास्कू तलावावर राखणीला होता, आणि ती त्याचा डबा घेऊन जायची. तो गेला, डबा बंद झाला. “पण पाय काय ऐकतात?” म्हणाली. “रविवार आला की निघतात.”

वर चढलो, सागाच्या झाडाखाली बसलो, तिनं पिशवीतनं फडकं काढलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. भाकऱ्यांच्या दोन चवडी, वेगवेगळ्या बांधलेल्या. मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला केलीस एवढी तसदी? ती हसली नाही. म्हणाली, “तुझ्यासाठी नाय गो. मी दोघांचंच करते. एकटीचं पीठ मना मळताच येत नाय.” मग इतकी वर्षं दुसरी चवड कोण खायचं, ते मी विचारलं नाही. रानात ठेवत असेल, नाहीतर परत नेत असेल. त्या दिवसापासून मी खाल्ली.

आम्ही असं हळूहळू वाढवलं. एका रविवारी पहिल्या कातळापर्यंत. मग पाण्याच्या झऱ्यापर्यंत. बेबीला पाठीला झोळीत बांधायला पाड्यावरच्या बायकांनी शिकवलं, मोळ्या घेऊन उतरायच्या त्या, फिलूबायशी थांबून बोलायच्या. वाघाची भीती तर होतीच, मी दर दहा पावलांना विचारायची, फिलूबाय, वाघ आहे काय गं इथं? ती म्हणायची, “हाय ना. तो आपल्याला बघतो. आपण त्याला बघत नाय. बघू दे, त्याचं काय जातं?” आणि पुढं चालायला लागायची, बूट फटकफटक वाजवत.

आता ती हाकेची गोष्ट. झऱ्याच्या अलीकडं वाट फुटते, तिथं ती म्हणाली, तू बस, मी बाटली भरून आणते. ती खाली उतरली आणि बेबी रडायला लागली, भूक लागलेली. उघड्यावर कशी पाजू, म्हणून मी एका मोठ्या दगडाच्या मागं जाऊन बसले. पाजता पाजता ऐकलं, “शालूऽ!” एकच. मी तोंड घट्ट मिटलं. कारण आमच्या कोकणात, आईनं अगदी लहानपणी कानात घातलेलं, रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. चकवा माणसाचा आवाज काढतो. पण चकव्याला दोनच हाका मारता येतात, तिसरी त्याच्याकडं नसते. तिसरी आली की समजायचं, माणूस आहे. म्हणून मी दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. आली नाही. म्हटलं नक्की तोच! एकदा बोलावून बघितलंन आणि आता गप्प बसला, दबा धरून. मी बेबीला छातीशी आवळली, श्वास पण हळू घ्यायला लागले...

आणि फिलूबाय? ती वाटेवर बसलेली, माझ्यापासून हाकेच्या नाही, कुजबुजीच्या अंतरावर! कारण पास्कूनं तिला शिकवलेलं, रानात हाक एकदाच मारायची आणि गप्प बसून ऐकायचं. सारखी हाक मारली तर डोंगर उलट बोलतो, समोरचा भलतीकडं जातो, आणि त्यानं ओ दिली तरी आपल्याच आवाजात आपल्याला ऐकू येत नाही. हरवलेल्या पोरांना तो तसाच शोधायचा म्हणे. म्हणून तिनं एकदा हाक मारली आणि कान देऊन बसली. मी तिसऱ्या हाकेसाठी बसलेली, ती माझ्या ओसाठी बसलेली. ऊन खाली गेलं, पाखरं झाडावर यायला लागली, आणि शेवटी बेबी शिंकली.

दगडावरनं फिलूबायचं तोंड आलं. “मेलीस काय गो तू? ओ का नाय दिलीस?”

“एकदाच हाक मारलीस!”

“एकदाच मारायची असते!”

“तीनदा मारायची असते!”

“तुना कोणी सांगितलं?”

“आईनं! आणि तुला?”

“पास्कूनं!”

मग तिला आधी हसू आलं की मला, आठवत नाही. खोकला येईपर्यंत हसली ती. शेवटची बस गेली, स्टॉपवर कुत्रं सुद्धा नव्हतं, आम्ही चालत घरी आलो, हे गॅलरीत उभे, तोंड एवढंसं झालेलं. फिलूबाय त्यांना म्हणाली, “तुझी बायको शहाणी हाय, भुताच्या हाकेला फसली नाय. मी भूत होते.”

पण त्या दिवसापासून तिनं आपली रीत सोडली. माझ्यासाठी तीन हाका मारायला लागली. कुरकुर करत, “तुझ्या चकव्यापायी मना घसा फोडाया लागतो,” पण मारायची. मी म्हटलं, तुमच्यात चालतं ना? तर म्हणाली, “बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन बराबर होतात. चालंल.” आणि मग रानातच नाही, घरी पण. हे नाईटला असले की मी दार उघडायची नाही कुणाला, मग तिनं भिंतीवर तीन वेळा ठोकायचं, पळीनं, टक, टक, टक, म्हणजे मी आहे, झोप. खरं सांगते, लग्न होऊन आल्यापासून त्या भिंतीला पाठ लावूनच मला पहिल्यांदा नीट झोप लागली.

रेल्वेचा मोठा संप झाला त्या वर्षीची गोष्ट. मे महिना, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकऱ्या खाऊन पोटं बिघडलेली, गाड्या कधी आहेत कधी नाहीत. यांच्या कारखान्यात बोरिवलीचा एक जण होता, चालत-बसनं कसातरी पोचलेला, त्यानं निरोप आणला, आईला ताप आहे, आठ दिवस उतरत नाही, शालूचं नाव घेते. हे म्हणाले, संप मिटला की जाऊ. मी म्हटलं, आणि नाही मिटला तर? त्यांना तरी काय करता येणार होतं. मी भिंतीवर ठोकलं. तीनदा. मी पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी फिलूबाय कामावर गेली नाही. वार होता मधलाच. “आज त्या टोकाला बस नाय,” म्हणाली, “म्हंजे आज ती वाट नाय, नुसतं रान हाय. पण चल.” तिचा एवढा ठाम नियम, आणि माझ्या आईसाठी मोडला. पहाटे निघालो. बेबी पाठीला. पहिल्या कातळापर्यंत मला माहीत, झऱ्यापर्यंत माहीत, त्याच्यापुढं सगळं नवीन. पाचोळा एवढा वाळलेला की आपण चालतो तर कुणीतरी मागनं येतं असं वाटायचं. करवंदं पिकलेली, फिलूबाय चालता चालता तोडून बेबीच्या तोंडात घालायची, बेबीचं झबलं जांभळं झालेलं. मी रडतच चालले होते, आई मेली असली तर, आई मेली असली तर, दुसरं काही डोक्यातच नाही. फिलूबाय एवढंच म्हणायची, “पाय बघ. पायाकडं बघ फक्त.”

मग चढ संपला. वर धार आहे डोंगराची, तिथं ती थांबली आणि माझे दोन्ही खांदे धरून मला वळवलं. मागं मुलुंड, कारखान्यांच्या चिमण्या, धूर. मग इकडं वळवलं. खाली झाडांत पाणी चमकत होतं, त्याच्यापलीकडं कान्हेरीचा काळा फत्तर, त्याच्यापलीकडं सगळं धूसर, आणि धुसरात बारीक बारीक छपरं.

“ती बघ तुझी आय,” म्हणाली.

दुपार कलल्यावर आम्ही उतरलो. मी मागच्या दारानं आले. आमच्या घरात मागच्या दारानं फक्त कोंबड्या यायच्या. आई खाटेवर उठून बसलेली, डोळे खोल गेलेले, पण बसलेली. मला बघून तिला भासच वाटला असणार. “खंयसून इलंस गे? मागच्या दारान?” मी म्हटलं, डोंगरातनं आले गं आई, डोंगरातनं, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून असा हंबरडा फोडला की शेजारणी धावत आल्या, त्यांना वाटलं म्हातारी गेली. टायफॉइड होता, उतारावर लागला होता, वाचली. नंतर आईनं फिलूबायला जवळ बसवलं, तिचे बूट बघितले, आणि हाकेचा सगळा किस्सा ऐकल्यावर तापातनं उठलेली बाई भांडायला लागली, “तीन हाको मारूक काय पैसे पडतत?” फिलूबाय म्हणाली, “आणि पयल्या हाकेला ओ दिली तर जीभ झडते?” दोघींचं ते भांडण पुढं कधीच मिटलं नाही. भेटल्या की तिथनंच सुरू.

भेटल्या बऱ्याचदा. रविवारी जायचं, कान्हेरीला बस पकडायची, आईकडं जेवायचं. पण मी एकटी कधी गेले नाही. फिलूबाय म्हणायची, आता तू पुढं चल, मी मागनं येते. मी पुढं चालायची, पण दर वळणावर मागं बघायची. ती ओरडायची, “मागं काय बघतंस, वाट पुढं हाय!” मी म्हणायची, तू आहेस ना, मग बघू दे की.

मग तिला दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग जिन्यावर. डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, डोंगर बंद. तर ही बया बसनं शेवटच्या स्टॉपला यायची, माझा हात धरून पहिल्या कातळापर्यंत कशीतरी चढायची आणि तिथं बसायची. बेबी तोवर तुरुतुरु चालायला लागलेली. फिलूबाय म्हणायची, “जा तुमी दोघी. मी हितनं हाका मारते. हाक येते तवर जा.”

आम्ही जायचो. मागनं तिची हाक यायची, शालू... थांबून शालू... परत शालू... तिसऱ्या हाकेला मी ओ द्यायची, बेबी पण द्यायची, दोघी पुढं. परत तीन. हळूहळू हाक बारीक व्हायची. झऱ्याच्या थोडं पुढं एक वाकडा पळस आहे, तिथं तिसरी हाक अगदी धाग्यासारखी यायची, आणि मी तिथनं मागं फिरायची. दर रविवारी. पळसाच्या पुढं नाहीच. ती विचारायची, “पळसाच्या पुढं गेलीस?” मी मान हलवायची. “तुजी आय काय पळसावर ऱ्हाते?” म्हणायची, रागानं. एकदा मात्र रागावली नाही. नुसती बसून राहिली, बुटाची नाडी सोडत-बांधत, आणि म्हणाली, “शालू, मी काय जलमभर हाका मारणार हाय?” मी म्हटलं, असं बोलू नकोस. पुढच्या महिन्यात तिला इस्पितळात नेलं, आणि मी भेटायला गेले तर बोलायला दम नव्हता, तिनं खाटेच्या लोखंडावर बोटानं ठोकलं. टक, टक, टक. मी म्हटलं, ओ.

तिच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेले होते, मागच्या बाकावर बसले, कधी उठायचं कधी बसायचं कळेना, पुढच्यांचं बघून करत होते. डॉमनिकनं तिचं सामान नेलं, बूट मात्र मी मागून घेतले. तो म्हणाला, “वहिनी, काय करणार? फाटलेत.” मी म्हटलं, असू दे. त्याच्यानंतर किती रविवार मी गॅलरीत बसले, समोर डोंगर, पण पाय निघेनात. भिंतीला पाठ लावून झोपायची तीही पलीकडं वळले. भिंत गप्प असली की ती भिंतच उरते. हे म्हणाले, सासूबाईंना बघायला जायचं का, मी येतो दादरमार्गे. मी म्हटलं, नको, बघू.

मग गेल्या रविवारी मी भाकऱ्या केल्या. करताना कळलं की दोन चवडी झाल्यात. बेबी एवढी खात नाही. मी तशाच बांधल्या. बूट घातले, मला तर आणखीच मोठे, जास्त चिंध्या कोंबल्या. बेबी म्हणाली, “आई, तू फिलूबाय झालीस!” बस, शेवटचा स्टॉप, पहिला कातळ. कातळावर तिची बसायची जागा आहे, घासून गुळगुळीत झालेली नाही काही, दगड तो दगड, पण बेबी त्या जागेवर बसली नाही, बाजूला बसली. मी पण.

झरा आला. पळस आला. मी थांबले. सवयीनं कान मागं गेले. कुठं काही नाही, नुसती रातकिड्यांची किरकिर भर दिवसा. म्हटलं चल बेबी, फिरू मागं. तर बेबी नाहीच! पुढं गेलेली, वळणाच्या पलीकडं. “बेबी!” ओ नाही. “बेबी!” नाही. “बेबीऽ!” आणि करवंदीच्या जाळीमागनं खणखणीत, “ओऽ!” बाहेर आली, हात कमरेवर, म्हणाली, “तिसरीला द्यायची ना?” मी तिला मारणार होते. मारलं नाही, पाठीवर घेतलं, आणि उठले तेव्हा मी पळसाच्या पुढं होते. मग चालतच राहिले. पायाकडं बघत. मागं वळून बघितलं नाही, कारण बघून काय करणार?

धारेवर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बेबीला खाली ठेवलं. मागं चिमण्या, पुढं पाणी, तेच सगळं, आणि आमच्याशिवाय कोणी नाही. आई म्हणते, मेलेल्या माणसाला रानात नावानं हाक मारू नये, ते मागं लागतं. हे मी जन्मभर पाळलंय, बाबांच्या बाबतीत पण. पण मी मुलुंडकडं तोंड करून उभी राहिले आणि हाक मारली.

“फिलूबायऽ!”

डोंगरानं एकदा परत म्हटलं, मग गप्प झाला. मी पण गप्प. बेबीनं माझं लुगडं ओढलं.

“आई, अजून दोनदा मार ना.”

“नको,” म्हटलं. “तिला एकदाच लागते.”

मग आम्ही दोघी तिथं बसून ऐकत राहिलो, कितीतरी वेळ. मग मी एक चवड सोडली आणि आम्ही खाल्ली, दुसरी तशीच बांधलेली ठेवली, आईला, आणि बोरिवलीच्या बाजूनं उतरायला लागलो. खाली बस उभी असणार होती, रविवार होता.